ताण नावाचा गुण

मराठी समीक्षेत 'ताण' हा शब्द बहुधा प्रशंसेसाठी वापरला जातो. एखाद्या कवितेत ताण आहे असे आपण म्हणतो, तेव्हा ती सैल पडलेली नाही, तिच्यातले विरोधी घटक एकमेकांना धरून उभे आहेत, असे आपल्याला सुचवायचे असते. अ‍ॅलन टेट या अमेरिकन कवी-समीक्षकाने १९३८ साली कवितेतील ताणाविषयी निबंध लिहिला. नवसमीक्षेच्या वाटेने आलेली ही संज्ञा आता पदव्युत्तर वर्गाच्या वहीत इतकी मुरली आहे की ती मुळात कौतुकाची का असावी, असा प्रश्न कुणाला पडत नाही. आम्हालाही तो बरीच वर्षे पडला नव्हता. पडला तो समीक्षेच्या पुस्तकामुळे नव्हे, तर रॉबर्ट सापोल्स्की या मेंदूशास्त्रज्ञाच्या लेखनामुळे. या गृहस्थांनी आपल्या आयुष्यातले अनेक उन्हाळे केनियातल्या मसाई मारा परिसरात बबून माकडांचे रक्त तपासण्यात घालवले.

पण आधी त्या शब्दाविषयी थोडेसे. टेटच्या निबंधाच्या दोन वर्षे आधी, १९३६ साली, मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील हान्स सेल्ये या तरुण संशोधकाचे एक लहानसे टिपण 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंदरांना थंडीत ठेवा, जखम करा, दमेपर्यंत पळवा किंवा विषारी द्रव्य टोचा. आघात कोणताही असो, शरीरावर उमटणारी खूण सारखीच, असे त्याचे म्हणणे होते. मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी सुजलेल्या, छातीतली थायमस ग्रंथी आक्रसलेली, जठरात व्रण. सापोल्स्की या शोधामागची कथा मोठ्या मिस्कीलपणे सांगतो. सेल्ये प्रयोगशाळेत वेंधळा होता. इंजेक्शन देताना उंदीर हातातून सुटत, मग त्यांच्यामागे झाडू घेऊन धावाधाव होई आणि उंदरांना व्रण झाले ते औषधामुळे नव्हे, तर या रोजच्या छळामुळे. या सगळ्याला सेल्येने पुढे 'स्ट्रेस' हे नाव दिले, आणि आपले इंग्रजी अधिक चांगले असते तर आपण 'स्ट्रेन' हा शब्द निवडला असता, असेही तो नंतर म्हणाला. स्थापत्यशास्त्रात पहिला शब्द बाहेरून पडणाऱ्या भाराशी निगडित, दुसरा त्या भाराने वस्तूच्या अंगात होणाऱ्या बदलाचा. मराठीने याबाबतीत नकळत शहाणपणा केला असे आम्हाला वाटते. 'ताण' हा दोरीचा शब्द आहे. ओढणारे हात कुणाचेही असोत, ताण असतो तो दोरीच्या आत.

सापोल्स्कीचा जन्म १९५७ सालचा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातला. १९७८ साली हार्वर्डची पदवी घेऊन एकविसाव्या वर्षी तो केनियात गेला आणि पुढे वीसहून अधिक वर्षे जात राहिला. उरलेला वेळ प्रयोगशाळेत. आधी रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मॅक्‌युअन यांच्या हाताखाली आणि नंतर स्टॅनफर्डमध्ये. १९९४ साली त्याचे झेब्र्यांना अल्सर का होत नाही हे सांगणारे पुस्तक आले आणि तो सामान्य वाचकाला माहीत झाला. त्या पुस्तकाचा गाभा थोडक्यात असा: झेब्र्यामागे सिंह लागला की त्याच्या शरीरात जे घडते, ते त्या क्षणापुरते अतिशय शहाणपणाचे असते. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस निरोप धाडतो, तो पियुषिका ग्रंथीमार्फत अधिवृक्क ग्रंथींपर्यंत जातो, आणि रक्तात ग्लुकोकॉर्टिकॉइड वर्गातली संप्रेरके उतरतात. माणसात त्यांतले मुख्य म्हणजे कॉर्टिसॉल. साठवलेली साखर स्नायूंना मिळते. पचन, वाढ, प्रजनन ही दूरदृष्टीची कामे तहकूब होतात. तीन मिनिटांत काय तो निकाल लागतो. एक तर झेब्रा वाचतो, नाही तर उरतच नाही. माणूस मात्र हीच यंत्रणा पुढच्या महिन्याच्या हप्त्यासाठी चालू करतो आणि ती महिनोन् महिने चालू ठेवू शकतो. चिता आणि चिंता यांत एका अनुस्वाराचाच फरक, हे आपल्याकडे शाळेच्या फळ्यावर लिहिलेले असे. झेब्र्याकडे तो अनुस्वार नाही, एवढेच सापोल्स्कीचे म्हणणे.

इतके म्हणून तो थांबला असता तर ते एक चांगले आरोग्यविषयक पुस्तक झाले असते आणि आम्ही त्यावर लिहायला बसलो नसतो. खरी गोष्ट बबूनांची आहे.

बबूनच का? त्याचे उत्तर असे की, या माकडांना पोट भरायला दिवसाचे चारेक तास पुरतात. त्यांना खाणारे प्राणीही फारसे नाहीत. उरलेला सगळा दिवस एकमेकांचे जिणे नकोसे करण्यासाठी मोकळा. म्हणजे त्यांचा ताण आपल्यासारखाच, स्वजातीयांनी निर्माण केलेला. नरांमध्ये कडक उतरंड असते. वरच्याने हरलेल्या लढाईचा राग मधल्यावर काढायचा, मधल्याने खालच्यावर, आणि खालच्याने जो सापडेल त्याच्यावर. सापोल्स्कीने या माकडांना जुन्या करारातली नावे दिली: सॉलोमन, सॉल, नेबुखद्नेझर, बेंजामिन. लहानपणी धर्मशाळेत शिकवणाऱ्या गुरुजींवर सूड म्हणून, असे तोच सांगतो. मग फुंकनळीने भुलीचा बाण मारायचा, माकड बेशुद्ध झाले की रक्त काढायचे. बाण रोज ठरावीक वेळीच मारायचा. त्या दिवशी भांडलेल्या वा आजारी माकडाला मारायचा नाही. आणि माकडाला बाणाची चाहूल लागता कामा नये, नाहीतर मोजायचे ते संप्रेरक त्या भीतीनेच वाढेल. २००१ साली आलेल्या त्याच्या आठवणींच्या पुस्तकात एका विशीतल्या मुलाने झुडपाआड, माकडाकडे पाठ करून, आपण काहीच करत नसल्याचा आव आणत घालवलेल्या या सकाळींचे फार सुंदर वर्णन आहे. ललित गद्याचा अभ्यास करणाऱ्यांनी तेवढ्यासाठी तरी ते पाहावे.

रक्तातून जे निघाले ते असे: उतरंड स्थिर असते तेव्हा खालच्या नरांच्या रक्तात, काहीही घडत नसतानाही, हे संप्रेरक अधिक असते. खरे संकट आले की मात्र त्यांची यंत्रणा सुस्तपणे हलते. वरच्यांचे नेमके उलट. एरवी शांत, गरज पडली की झटकन तयार. उतरंड डळमळली की हे चित्र पालटते आणि वरच्यांचे रक्त बिघडू लागते. आणखी एक बारकावा सापोल्स्कीला नंतर दिसला, आणि तो आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. केवळ दर्जा पुरेसा नाही. शत्रू समोरून नुसता चालत गेला आणि शत्रू अंगावर धावून आला, यांतला फरक ज्याला कळतो. ज्याच्या अंगावरच्या उवा वेचायला कुणीतरी आहे. जो पिलांशी खेळतो. त्याचे कॉर्टिसॉल त्याच्या पायरीच्या मानाने कमी असते.

माणसांत हे असेच चालते का? ब्रिटनमध्ये व्हाइटहॉलच्या सरकारी नोकरांची १९६७ पासून पाहणी सुरू झाली. या लोकांना नोकरी होती, पगार होता, उपचारही मिळत होते. तरी तळच्या श्रेणीतल्या पुरुषांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू वरिष्ठ प्रशासकांच्या तिपटीहून अधिक निघाले. धूम्रपान, रक्तदाब वगैरे नेहमीची कारणे वजा केली तरी बराचसा फरक शिल्लक राहिला. मायकल मार्मट यांनी पुढे दाखवले की त्या फरकाचा एक भाग आपल्या कामावर आपला ताबा किती, याच्याशी बांधलेला आहे.

आता आमच्याविषयी. आम्ही नऊ वर्षे तासिका तत्त्वावर मराठी शिकवले. हा प्रकार ज्यांना ठाऊक आहे त्यांना अधिक सांगायला नको. ज्यांना नाही त्यांच्यासाठी एवढेच की, दर वर्षी जून-जुलैमध्ये नव्याने अर्ज, नव्याने मुलाखत. नेमणूक नऊ महिन्यांची. मानधन शिकवलेल्या तासांचे आणि ते केव्हा येईल हे कुणीच सांगू शकत नाही. दिवाळीची सुट्टी म्हणजे बिनपगारी सुट्टी. आम्ही सकाळी एका गावातल्या महाविद्यालयात आणि दुपारी दुसऱ्या गावातल्या महाविद्यालयात शिकवायचो. मधल्या वेळेत एसटी. कार्यभार कमी झाला, हे शब्द शिपायाने सहज उच्चारले तरी आमच्या पोटात खड्डा पडे. या काळात आमच्यावर कुणी ओरडले नाही, कुणी अपमान केला नाही. सिंह म्हणावा असा कुणी नव्हताच.

आमच्या लक्षात राहिले आहे ते एका चर्चासत्रातले जेवण. आमच्या कथा तेव्हा दोन-तीन मासिकांत आल्या होत्या आणि गेली दोन वर्षे नवीन काही लिहून झाले नव्हते. एक ज्येष्ठ प्राध्यापक, मनाने चांगले, ताटात आमटी वाढून घेत म्हणाले, "अहो, काळजी करू नका. हे सगळे सोसलेले उद्या तुमच्याच उपयोगी पडणार आहे. सोसल्याशिवाय लेखणीला धार येत नाही." शेजारच्या दोघांनी माना डोलावल्या. मग उदाहरण निघाले ते अण्णाभाऊ साठ्यांचे. ते निघणारच होते.

साहित्याच्या जगातली ही एक प्रतिष्ठित समजूत आहे. दुःख माणसाला खोल करते, हाल लेखकाला घडवतात. ती सांगणारे बहुधा कायम नेमणुकीतले असतात, हे आम्ही कुचकेपणाने म्हणत नाही, निरीक्षण म्हणून नोंदवतो. अण्णाभाऊंची 'फकिरा' १९५९ साली आली आणि १९६९ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, ते गेले. हालअपेष्टांनी 'फकिरा' दिली असे म्हणणारे, त्याच हालअपेष्टांनी किती पुस्तके लिहूच दिली नाहीत याचा हिशेब करत नाहीत. तो करताही येत नाही, कारण न लिहिलेल्या पुस्तकाला पृष्ठसंख्या नसते. चाळीतून, वस्तीतून, सालदारकीतून जे लेखक निघाले त्यांना आपण मोजतो आणि जे निघाले नाहीत त्यांची नावेच आपल्याला माहीत नसतात.

सापोल्स्की आणि त्याचे गुरू या समजुतीला थेट जाऊन भिडतात, ते मेंदूच्या प्रश्नावर. १९६८ साली मॅक्‌युअन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना उंदराच्या मेंदूत एक अनपेक्षित गोष्ट सापडली होती. अधिवृक्क ग्रंथीतून येणारे संप्रेरक हिप्पोकॅम्पस या भागात जाऊन मोठ्या प्रमाणावर चिकटत होते. हिप्पोकॅम्पस म्हणजे नवी स्मृती जिथे घडते ती जागा. म्हणजे ताणाचे रसायन मेंदूच्या बाहेर काम करून थांबत नाही, ते मागे फिरून स्मरणाच्या घरातच उतरते. शिवाय हा भाग 'आता पुरे' असा निरोप देऊन ताणाची यंत्रणा थांबवण्याचेही काम करतो. १९८५-८६ च्या सुमारास सापोल्स्कीने मॅक्‌युअन आणि लुईस क्रे यांच्यासह मांडले ते चक्र असे: संप्रेरक दीर्घकाळ वाढले की हिप्पोकॅम्पसमधल्या पेशी झिजतात, त्या झिजल्या की यंत्रणा थांबवणारा हात दुबळा होतो, मग संप्रेरक आणखी वाढते. शोकांतिकेचा आराखडा शिकवणाऱ्या माणसाला हे चक्र लगेच ओळखू येईल.

इथे थोडे थांबायला हवे, कारण वर्तमानपत्री लेखांत ही गोष्ट 'ताणाने मेंदू मरतो' अशी आली आणि तशीच रुजली. पुढचे संशोधन इतके सरळ नाही. १९९० च्या सुमारास मॅक्‌युअन यांच्याच प्रयोगशाळेने दाखवले की तीन आठवड्यांच्या माऱ्यानंतर उंदरांच्या या पेशी मरत नाहीत; त्यांच्या शाखा, ज्यांनी त्या शेजारच्या पेशींचे बोलणे ऐकतात त्या, आखडतात. आणि ताण संपला की त्या परत वाढतात. माणसांबाबतही घाईचे निष्कर्ष मागे घ्यावे लागले. व्हिएतनाम युद्धातून आलेल्या, त्या आघातातून बाहेर न पडलेल्या सैनिकांचा हिप्पोकॅम्पस लहान असतो असे दिसले होते. २००२ साली एका अभ्यासात अशा सैनिकांच्या एकसारख्या जुळ्या भावांचे मेंदू तपासले गेले. युद्धावर न गेलेल्या, घरीच राहिलेल्या भावाचाही हिप्पोकॅम्पस लहानच निघाला. म्हणजे निदान तिथे तरी तो आघाताचा परिणाम नसून आघाताला बळी पडण्याची पूर्वअट असावी. कारण कोणते आणि कार्य कोणते, हा प्रश्न चरित्रात्मक समीक्षेला जसा छळतो तसाच तो विज्ञानालाही छळतो, हे पाहून आम्हाला थोडे बरे वाटले.

आणि आमच्या ज्येष्ठ प्राध्यापकांच्या म्हणण्यात अर्धे सत्य होते, हेही सांगायला हवे. हिप्पोकॅम्पसमध्ये या संप्रेरकासाठी दोन प्रकारची ग्राहके असतात. एक प्रकार थोड्या संप्रेरकानेच भरून जातो आणि तेवढ्याने स्मरण तल्लख होते. दुसरा प्रकार संप्रेरक फार वाढल्यावर भरू लागतो, आणि तिथून उतार सुरू होतो. अपघात, मृत्यू, दंगलीची एक रात्र वर्षानुवर्षे लख्ख आठवते ती उगीच नव्हे. साहित्याने ज्याला दुःख म्हटले ते बहुतेक वेळा असे, घटनेच्या आकाराचे दुःख आहे. त्याला आरंभ असतो, चेहरा असतो, म्हणून त्याची कथा होते. तासिकांच्या नऊ वर्षांना असा आकार नाही. त्यातले कुठलेही दोन महिने आम्हाला वेगळे काढून सांगता येणार नाहीत. जे दुःख लेखणीला धार देते असे म्हणतात आणि जे दुःख लेखणी उचलू देत नाही, त्या दोहोंना आपण एकच शब्द वापरत आलो.

पुढचा धागा आपल्या देशातला आहे, बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातला. सुमंत्र चट्टर्जी आणि अजय व्यास यांच्या गटाने २००२ साली हिप्पोकॅम्पसबरोबर अमिग्डालाकडेही पाहिले. अमिग्डाला म्हणजे भीतीशी निगडित असलेला, बदामाच्या आकाराचा भाग. एकाच ताणाने उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या शाखा आखडल्या, पण अमिग्डालातल्या वाढल्या. दोन वर्षांनी याच गटाने पुढची पायरी गाठली. ताण थांबवून उंदरांना तीन आठवडे निवांत ठेवले. हिप्पोकॅम्पसच्या शाखा पूर्ववत झाल्या. अमिग्डालातल्या वाढलेल्या शाखा तशाच राहिल्या, आणि उंदरांचे भेदरलेपणही.

हा निष्कर्ष आम्ही प्रथम वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. आम्हाला कायम नेमणूक मिळून आता बरीच वर्षे झाली. वाचलेले पुन्हा लक्षात राहू लागले. कथाही लिहून झाल्या, बऱ्यावाईट. पण जून लागला की आजही पहाटे चारला जाग येते. महाविद्यालयाच्या क्रमांकावरून फोन आला की पहिल्या घंटेला तळहात ओले होतात, आणि पत्नी आतून विचारते, "आता कशाला घाबरता?" याचे उत्तर आमच्याजवळ नाही. आमचे रक्त कुणी तपासलेले नाही, आणि उंदरांच्या तीन आठवड्यांची आमच्या नऊ वर्षांशी जोडी लावणे हे शास्त्र नव्हे, रूपक झाले. रूपक इतके चपखल बसते तेव्हा त्याच्याविषयी सावध राहावे, असे आम्हीच वर्गात सांगतो. तरीही ते मनातून जात नाही.

सापोल्स्की अलीकडे अधिक कठोर झाला आहे. २०२३ सालच्या पुस्तकात त्याने माणसाला इच्छास्वातंत्र्य मुळीच नाही असे ठामपणे मांडले. जनुके, गर्भावस्था, बालपण, काल रात्रीची झोप, यांच्या साखळीत 'मी ठरवले' याला जागाच उरत नाही. आम्हाला हे पुस्तक त्याच्या आठवणींइतके पटले नाही. त्याचे कारण कदाचित त्या आठवणींच्या शेवटच्या प्रकरणात आहे. ज्या कळपाचा तो अभ्यास करत होता त्यातले अर्धे नर रोज सकाळी शेजारच्या पर्यटक-निवासाच्या उकिरड्यावर, दुसऱ्या कळपाशी मारामारी करून खायला जात. अर्थातच जे सर्वांत आडदांड होते ते. १९८० च्या दशकाच्या मध्याला तिथे क्षयाने दूषित मांस टाकले गेले आणि ते सगळे नर मेले. एरवी विनोदाशिवाय दोन पाने न लिहिणारा हा माणूस त्या प्रकरणात विनोद करत नाही.

मागे राहिले ते कमी आक्रमक, मिळूनमिसळून राहणारे नर आणि त्यांच्या दुप्पट माद्या. कळप शांत झाला. यात नवल नाही. गुंड मेल्यावर गल्ली शांत होते. नवल पुढे आहे. बबून नर वयात आले की जन्माचा कळप सोडून दुसऱ्यात जातात. १९९३ मध्ये सापोल्स्कीने तो कळप पुन्हा पाहिला तेव्हा त्या वेळचा एकही नर उरलेला नव्हता. सगळे बाहेरून, नेहमीच्या मारकुट्या कळपांतून आलेले. तरी कळप शांतच होता. उतरंड होती, पण वरचे खालच्यांना विनाकारण छळत नव्हते, आणि खालच्या नरांच्या रक्तात ताणाची ती नेहमीची खूण सापडत नव्हती. लिसा शेअर हिच्यासह त्याने हे २००४ साली प्रसिद्ध केले. नव्या नरांना हे शिकवले कुणी, याचे पक्के उत्तर त्यांच्याकडे नाही. एवढेच दिसले की या कळपातल्या माद्या नव्याने आलेल्या नराच्या उवा वेचायला इतर कळपांतल्या माद्यांच्या मानाने फार लवकर जवळ येत.

सापोल्स्की म्हणेल, यात कुणी काही ठरवलेले नाही. नसेल.

यंदा जुलैत आमच्या विभागात एक तरुण अध्यापिका तासिका तत्त्वावर रुजू झाल्या. आता विभागप्रमुखाच्या खुर्चीत आम्ही आहोत. उतरंडीत आमची बाजू बदलली आहे. त्यांचे मानधन आमच्या हातात नाही, नेमणुकीचा कालावधी नाही, पुढचा जून नाही. वेळापत्रक आहे. ते आम्ही पहिल्याच दिवशी लेखी, सहीनिशी त्यांच्या हातात दिले आणि अध्यापक-कक्षात खिडकीजवळचे एक कपाट त्यांच्या नावाने करून दिले. त्यांनी तो कागद दोनदा वाचला. मग विचारले, "सर, हे असेच राहील ना?"

मार्चपर्यंत, एवढेच आम्हाला सांगता आले.